पट मोजता, मग वाटही मोजा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी अडतीस वर्षं टपाल वाटलं. आधी आम्हाला ई.डी. म्हणजे ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणत, पुढे ‘ग्रामीण डाकसेवक’ असं भारदस्त नाव मिळालं. झोळी आणि वाट मात्र तीच राहिली. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, जिथे पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरपर्यंत जायचं नाव घेत नाही, तिथल्या चार वाड्या आणि दोन धनगरवाडे माझ्या बीटात होते. मंत्रालयाचा पिनकोड तोंडपाठ आहे, कारण अर्ज लिहिणारी माणसं माझ्या बीटात पुष्कळ होती. आज पहिल्यांदाच त्या पत्त्यावर स्वतःचं पत्र टाकतो आहे.

वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वरून फोन येतो, तो आमच्या गुरुजींना येतो आणि गुरुजींचा यात काही दोष नाही.

गेल्या महिन्यात आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकांची बैठक झाली. मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य नाही, आजोबांना त्यात जागा नसते. पण शाळेच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला कोण उठवणार? गुरुजींनी सांगितलं की कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत जोडण्यासाठी त्यांची माहिती पुन्हा एकदा मागवली आहे. एकूण पट किती, जवळची शाळा कोणती, तिचं अंतर किती. पटाच्या रकान्यात ९. अंतराच्या रकान्यात वरूनच भरून आलेला आकडा होता, १.९ किलोमीटर.

साहेब, हे अंतर कावळ्याचं आहे.

माणसाची वाट अशी आहे. शाळेच्या झेंड्यापासून करवंदीच्या उतारावरून खाली आलं की पहिला ओढा. त्यावरचा साकव २०१९च्या महापुरात गेला. पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरात शिरलं तेव्हा सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिलं. आमचा साकव गेला तो फक्त आम्हीच पाहिला. तेव्हापासून तिथे दोन ओंडके टाकलेले आहेत. पुढे भाताची खाचरं, चिखलणीच्या दिवसांत बांधावरून तोल सावरत जायचं. मग दुसरा ओढा, हा उथळ पण रुंद. मग जंगलाची कड, तिथे पावसाळ्यात जळवा आणि दिवस मावळायला गवे. त्यानंतर डांबरी लागते, तिच्यावर आणखी पाऊण किलोमीटर. अशी ही पायवाट सव्वातीन किलोमीटर भरते. जीपच्या रस्त्याने वळसा घेतला तर साडेसहा. उन्हाळ्यात मला पन्नास मिनिटं लागायची, श्रावणात सव्वा तास. बैठकीनंतरच्या रविवारी मी नातीला बरोबर घेऊन घड्याळ लावून ही वाट चाललो. ती तिसरीत आहे. कोरड्या दिवसात, दप्तराशिवाय, तिला एक तास चाळीस मिनिटं लागली. वाटेत तिने दोनदा विचारलं, ‘आजोबा, रोज?’

शाळेत पाच मुली आणि चार मुलगे आहेत. त्यांतली चौघं वरच्या धनगरवाड्यावरून येतात, म्हणजे आमच्या शाळेपर्यंत पोचायलाच ती वीसेक मिनिटं चाललेली असतात. त्यांचं अंतर त्या फॉर्मात कुठेच नव्हतं.

आता माझा यात काय संबंध, ते सांगतो.

माझी धाकटी बहीण कधीच शाळेत गेली नाही. तेव्हा शाळा फक्त खालच्या गावात होती. मला थोरल्या पोरांच्या घोळक्यात पाठवत. तिला आई म्हणाली, ओढ्याचं पाणी उतरलं की जा. पाणी दर वर्षी उतरायचं, पण तोवर तिच्या हातात शेण, पाणी आणि लहान भाऊ आलेला असायचा. पुढे तिला दिली तीही माझ्याच बीटातल्या वाडीत. नवरा मुंबईला गोदीत. त्याची मनीऑर्डर घेऊन मी जायचो. फॉर्मवर सही नाही, अंगठा. माझ्या सख्ख्या बहिणीचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबून मी स्वतः घेतलेला आहे, दर महिन्याला, कित्येक वर्षं. पत्र असलं तर ती ते छातीशी धरून उभी राहायची आणि मी घाम पुसून पाणी पिईपर्यंत थांबायची. नवऱ्याने बायकोला काय लिहिलं ते भावाने वाचून दाखवायचं. काही ओळी मी गाळत असे. तिला ते कळत असे.

त्या बहिणीला परवा माझ्या नातीने रेशनचा मेसेज मोबाइलवर वाचून दाखवला. मधल्या काळात आमच्याकडे एकच गोष्ट बदलली होती. वाडीत शाळा आली होती.

आणि ती आम्ही मागून मिळालेली नाही. २०००-०१ च्या सुमारास शासनानेच वस्तीशाळा योजना काढली. जिथे मूल आहे तिथे शाळा, असं तेव्हा सांगत आलेले साहेब आम्ही पाहिले आहेत. एका घराच्या सोप्यात शाळा भरली. गावचाच बारावी झालेला पोरगा महिना हजार रुपयांवर निमशिक्षक झाला. पुढे दोन खोल्या झाल्या, वस्तीशाळेची प्राथमिक शाळा झाली. दगड आम्ही डोक्यावरून आणले आणि मजुरी मागितली नाही. आता तीच शाळा कागदावर ‘अव्यवहार्य’ झाली.

महोदय, आपल्या खात्यात किती आदेश निघतात याचा हिशेब मी ठेवत नाही, पण त्यातले आमच्या दोन खोल्यांपर्यंत आलेले लक्षात आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांची यादी निघाली. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा शासनानेच जमवलेल्या आकड्यांत अशा १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा. आमची शाळा त्यांतली एक आणि अशा हजारो वाड्या आहेत. त्याच महिन्यात शाळा दत्तक देण्याची योजना आली. देणगीदाराने पैसे दिले की त्याचं नाव शाळेला जोडता येईल. आमच्याकडे अजून कोणी फिरकलं नाही. इथे पाटी लावली तर वाचायला गवेच आहेत.

मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा निर्णय. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेले आहेत. या निर्णयाने वीसपर्यंतच्या शाळेत एक नियमित शिक्षक आणि दुसरा निवृत्तांमधून अशी वाट काढली. पुढे ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनीच, महिना पंधरा हजारांवर कंत्राटी शिक्षक नेमायचा आदेश निघाला. राज्यभरचे शिक्षक रस्त्यावर उतरले आणि काही महिन्यांत तोही बदलला. या सगळ्या उलथापालथीत आमच्याकडे दुसरा शिक्षक आलाच नाही, ना कायम, ना निवृत्त, ना कंत्राटी. खालच्या गावातल्या शाळेत सहावी ते आठवीचेही वर्ग आहेत. या वर्गांत वीसच्या आत पट असलेल्या कित्येक शाळांना नव्या संचमान्यतेत त्या वर्गांसाठी शिक्षकांच्या रकान्यात शून्य आलं. शून्य शिक्षकांची शाळा म्हणजे काय, हे मला गणितातही समजत नाही. आमच्या मुलांना आपण ज्या ‘जवळच्या मोठ्या शाळेत’ पाठवणार, त्या शाळेचंही वरच्या वर्गांपुरतं हेच दुखणं आहे.

गणवेशाचं तर आपल्यालाही माहीत आहे. आधी शाळा समितीकडे पैसे यायचे, बाजारच्या गावातला शिंपी मापं घेऊन कपडे शिवायचा. २०२४ मध्ये ठरलं की सगळ्या राज्याला एकच गणवेश, कापड एका ठिकाणाहून येणार. दुसऱ्या जोडाचं नुसतं कापड आणि शिलाईला ११० रुपये. त्या पैशात शिंपी नुसतं माप घेतो. आमच्या पोरांना कपडे मिळाले तेव्हा शेतात भात पिवळं पडलं होतं आणि एकाची पँट इतकी मोठी की त्यात त्याचा भाऊही मावला असता. वर्ष संपायच्या आत निर्णय फिरला आणि काम परत शाळा समितीकडे आलं. परत आलं हे चांगलंच झालं. पण मधल्या सहा महिन्यांत जी पोरं जुन्या कपड्यांत झेंडावंदनाला उभी राहिली, त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

पोषण आहारात आठवड्याला अंडं आलं, पोरं खूश झाली. २०२५ च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबला आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या असं कळवलं गेलं. आमच्या वाडीची लोकवर्गणी म्हणजे कोंबड्याच, तेव्हा अंडी अधूनमधून मिळतात.

तिसऱ्या भाषेचं प्रकरण तर साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीची. १७ जूनला सुधारित आदेश, हिंदी नको असेल तर दुसरी भाषा घ्या, पण त्यासाठी वर्गात किमान वीस मुलांची मागणी पाहिजे. २९ जूनला दोन्ही आदेश मागे. भाषेच्या वादात मला पडायचं नाही, मोठमोठ्या लोकांनी त्यावर लिहिलं आहे. मला त्यातला ‘वीस’ हा आकडा तेवढा खटकला. आमच्या अख्ख्या शाळेत नऊ मुलं, आमच्या पहिलीत दोन. आदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुठली शाळा होती? आमची तर नक्कीच नव्हती, आणि १४,७८३ मधली दुसरीही कुठली नसावी.

आपल्या बाजूचं बोलणं मला कळत नाही असं नाही. एकच गुरुजी चार इयत्ता एका खोलीत शिकवतात. एका भिंतीकडे तोंड केलेली पहिली-दुसरी, दुसऱ्या भिंतीकडे तिसरी-चौथी. गुरुजी केंद्रावर बैठकीला गेले की शाळा स्वयंपाकीण बाई सांभाळतात, अडीच हजार रुपये मानधनात. उरलेला वेळ माहिती भरण्यात जातो. आधार, यू-डायस म्हणजे शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद, रोजच्या खिचडीचा आकडा. रेंज मिळवायला गुरुजी मागच्या टेकाडावर चढतात, म्हणून खालच्या शेतातल्या बायकांना वेळ कळते. नऊ पोरांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. माझ्या नातीला तिच्या इयत्तेत एकच सोबती आहे आणि त्याच्याशी तिचं पटत नाही. मोठी शाळा, खेळाचं मैदान, विषयाला शिक्षक, संगणक हे सगळं आमच्या पोरांनाही मिळावं असं मला मनापासून वाटतं. पानशेतला समूह शाळा झाली, तिथे मुलांना न्यायला बस येते असं ऐकतो. चांगलंच आहे. पण बसला आधी रस्ता लागतो. पाचवीपासून पुढच्या मुलींना एसटीचा मोफत पास आमच्याकडेही आहे. पास आहे, एसटी नाही.

वाहतूक भत्ता देऊ, असंही सांगतात. खालच्या वस्तीवरच्या दोन मुलांना तो मंजूर झाला होता. पैसे खात्यावर आले ते परीक्षा झाल्यावर. जीपवाला उधारीवर ओढा ओलांडत नाही.

कुणी म्हणेल, कायद्यातच किमान वीस मुलांची अट आहे. मी तेही वाचून घेतलं. आमच्याकडचा एक पोरगा कोल्हापुरात वकिली शिकतो, त्याने नियम काढून दिले. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन, आणि वीस मुलं. पण तो सगळा मजकूर शाळा कुठे काढावी याबद्दल आहे. असलेली शाळा कधी मोडावी याबद्दल त्यात एक अक्षर नाही. उलट केंद्र सरकारच्या नमुना नियमांत असं आहे की जिथे चढउतार अवघड, दरड आणि पुराचा धोका, रस्ता नाही, तिथे ही अंतरं कमी करून शाळा जवळ आणावी. आमची वाडी पाहूनच लिहिल्यासारखं आहे ते. तरी फॉर्मात चढाला, ओढ्याला, रस्त्याला रकाना नाही.

मला माझं खातं आठवतं. टपाल कमी झालं, फार कमी झालं. मोबाइल आल्यावर वरच्या धनगरवाड्याला महिन्याला दोन-तीन कागद जायचे, तेही बँकेचे नाहीतर कोर्टाचे. माझ्या वेळी कुणी असं म्हटलं नाही की या घराला वर्षात पाच पत्रं येतात, तेव्हा या लोकांनी खालच्या गावात येऊन राहावं. एक पाकीट असलं तरी मी तो चढ चढायचो, कारण पत्ता त्या घराचा होता. त्या पाकिटावर पाच रुपयांचं तिकीट असायचं आणि माझा अर्धा दिवस जायचा. तोट्याचाच धंदा होता तो. सरकार तो तोटा सोसायचं म्हणूनच त्याला सरकारी सेवा म्हणायचे. शाळेचा हिशेब दर मुलामागे खर्च असा मांडला की आमची पोरं नेहमीच महाग दिसणार. दर किलोमीटरमागे मांडून बघा.

कोल्हापूरचा माणूस आहे, म्हणून शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. उद्या आमची शाळा उठली आणि त्या पाचांतल्या दोन मुली घरी बसल्या, तर तो रुपया कुणाकडून वसूल करायचा? त्यांच्या बापाकडून की आपल्या खात्याकडून?

दोन मुली म्हणालो तो अंदाज नाही. बैठकीतच दोन आयांनी सांगितलं. मुलगा असता तर धाडला असता, असं एक म्हणाली. माझी आई साठेक वर्षांपूर्वी जवळपास हेच म्हणाली होती.

तर आमचं मागणं असं.

एक, अंतर जमिनीवर मोजा, मोबाइलवर नको. मोजायला जो येईल त्याने जुलै किंवा ऑगस्टमध्ये, सकाळी शाळेच्या वेळेला यावं, आणि एक आठ वर्षांचं मूल बरोबर घ्यावं. मोजलेला आकडा आणि लागलेला वेळ शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

दोन, शाळा बंद करण्याचा, जोडण्याचा किंवा हलवण्याचा कुठलाही निर्णय शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय होऊ नये. पालकांनीच म्हटलं की आम्हाला खालची मोठी शाळा हवी, तर माझी हरकत नाही. पण त्या सभेला धनगरवाड्यावरची माणसं हजर असली पाहिजेत आणि सभा सुगीत ठेवू नये.

तीन, आधी साकव, रस्ता आणि गाडी. गाडी एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, चालवून दाखवा. मग शाळा जोडण्याची गोष्ट काढा. उलट क्रमाने नको.

चार, शाळा चालू आहे तोवर पट कितीही असो, दोन कायम शिक्षक द्या. शिक्षक नाही म्हणून पट घटतो आणि पट घटला म्हणून शिक्षक जातो, हे जातं आमच्या पोरांना भरडतं आहे. सहावी ते आठवीच्या शून्याबद्दलही असंच. तिथे शिक्षक दिला नाही तर चौथी-पाचवीनंतरची प्रत्येक मुलगी आपल्या हिशेबातून गळणार आहे.

पाच, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्या वर्षासाठीचे नियम बदलू नका. नवा आदेश काढायचा तर पुढच्या वर्षासाठी काढा, आणि तो काढण्याआधी वीसच्या आतल्या पटाच्या दहा शाळांत जाऊन विचारा की हे तुमच्याकडे कसं चालेल. गुरुजी सांगतील. ते फॉर्म भरतात, पण त्यांना विचारत कोणी नाही.

सहा, कुठे एखादी शाळा उठलीच, तर त्या खोल्या पाडू नका आणि कुणाला देऊ नका. मुलं पुन्हा होतील. आमच्या वाडीत यंदा दोन लग्नं आहेत.

या सहांपैकी पाच गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत असं मी लिहिणार होतो. मग दोन कायम शिक्षकांचा पगार आठवला. लागतात पैसे. ते खर्च करा, एवढंच म्हणतो.

हे पत्र मी रजिस्टर ए.डी.ने पाठवणार होतो. जन्मभर लोकांना तेच सांगत आलो, महत्त्वाचं असेल तर रजिस्टर करा. पण १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. तेव्हा स्पीड पोस्टानेच पाठवतो आणि वेगळी पोच मागून घेतो. पोचेवर सही कुणाचीही चालेल. उत्तर मात्र लेखी द्यावं आणि त्यात १.९ च्या जागी कोणता आकडा लिहिला ते कळवावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रामीण डाकसेवक
(एका तिसरीतल्या मुलीचा आजोबा)

ता.क. पत्र पुरं करून बंद करणार एवढ्यात कळलं की पहिल्या ओढ्यावरच्या दोन ओंडक्यांपैकी एक आतून पोखरला आहे. पावसाच्या आधी बदलायला हवा. तो आम्ही बदलू, त्यासाठी आदेशाची वाट पाहणार नाही.